झडती होऊन गेली. आता वादीचा अर्ज हातात घ्या

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा डाय-मोल्डचा (साचे बनवण्याचा) गाळा आहे, १४ माणसं काम करतात. त्याआधी मी महापेच्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये होतो. नोकरी सोडून तीन वर्षं झाली. पाच महिन्यांपूर्वी त्या कंपनीची वकिलाची नोटीस आली, की मी त्यांची ड्रॉइंग्ज चोरली. मी वकिलामार्फत उत्तर दिलं, की ड्रॉइंग्ज आमचे ग्राहक देतात, हवं तर येऊन बघा. त्यानंतर काहीच झालं नाही. गेल्या मंगळवारी सकाळी अचानक कोर्ट कमिशनर (झडतीसाठी न्यायालयाने नेमलेला माणूस), कंपनीचे दोन वकील, त्यांचा डिझाइन हेड, एक संगणकवाला आणि दोन पोलिस आले. दोन कॉम्प्युटर उचलून नेले, सर्व्हरची आणि माझ्या फोनची कॉपी केली. हिशेब बघणाऱ्या माझ्या पत्नीचाही फोन घेतला. डिझाइन हेड दोन तास आमचे फोल्डर उघडून बघत होता, मोबाइलवर फोटोही काढत होता. रात्री नऊला पंचनाम्यावर माझी सही घेतली. हातात फक्त आदेशाची प्रत आहे, ठाणे जिल्हा न्यायालयाच्या कमर्शियल कोर्टाची. ‘वादीच्या रेखाचित्रांवर आधारित’ कोणतंही काम करायला मनाई आहे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. मेहुणे म्हणतात, गूगल ड्राइव्ह त्यांनी पाहिलेला नाही, तो आधी साफ कर. हा आदेश रद्द होतो का? थेट हायकोर्टात जाऊ का?
— आर. के., नवी मुंबई

उत्तर : आर. के., मेहुण्यांना आजच सांगा की ड्राइव्हला कोणीही हात लावायचा नाही. बाकीचं सगळं यानंतर.

त्यांची काळजी मला समजते, पण हा सल्ला तुम्हाला बुडवेल. आज तुमची बाजू बरीच बरी आहे. एक फोल्डर उडवलात तर उद्या समोरचा वकील उभा राहून एवढंच म्हणेल : ‘हा पुरावा नष्ट करील अशी आम्हाला भीती होती, म्हणून न सांगता आलो, बघा, त्याने तेच केलं.’ ज्या आदेशाला तुम्ही आव्हान देणार, त्याचं समर्थन तुम्हीच पुरवलेलं असेल. मनाई हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ रूल २अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हाही आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. ड्राइव्हच्या ट्रॅशमधल्या फाइल ३० दिवसांनी आपोआप जातात, तेव्हा तिथे काही पडलेलं असेल तर वकिलांना आजच दाखवा. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका.

एक गोष्ट मात्र ताबडतोब जपून ठेवा : गाळ्यातल्या सीसीटीव्हीचं त्या दिवसाचं चित्रण. डीव्हीआरची जागा भरली की तो जुन्यावर नवं लिहीत जातो, आणि मंगळवार तुमच्या हातून कायमचा जाईल. कोण किती वाजता आत आलं, कोण कुठल्या कॉम्प्युटरवर बसलं, पत्नीचा फोन कोणी आणि कुठे नेला, हे सगळं त्यात असणार. पूर्ण दिवसाची प्रत काढा, काटछाट न करता, शक्यतो वकिलांनी सुचवलेल्या तंत्रज्ञाकडून. मूळ डिस्क बाजूला काढून ठेवा.

आता आदेशाबद्दल. तुमच्या पत्राचा निम्म्याहून अधिक भाग त्या दिवसाच्या अपमानाबद्दल होता. कामगारांसमोर झालेली शोभा, शेजारच्या गाळेवाल्यांची गर्दी, पत्नीचं रडणं. छापताना मी तो कमी केला, पण वाचताना माझाही जीव कळवळला. तरी सांगते, न्यायाधीशांसमोर हा मुद्दा पहिला नेऊ नका. झडती त्रासदायक असते हे आदेश देतानाही त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं, किंवा कदाचित माहीत होऊ दिलं गेलं नाही, ते वेगळंच आहे. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं : पाच महिन्यांपूर्वीची नोटीस, आणि तुमचं उत्तर.

न सांगता झडतीचा आदेश मिळवायचा तर वादीला न्यायालयाला पटवावं लागतं की समोरच्याला आधी कळलं तर तो पुरावा नाहीसा करील. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९ रूल ७ खाली वस्तू जपून ठेवण्याचा आणि तपासण्याचा आदेश होतो. पण रूल ८ म्हणतो की असा आदेश देण्याआधी समोरच्याला नोटीस द्यायची, उशिराने आदेशाचा हेतूच फसणार असेल तरच ती वगळायची. मनाई हुकमाचंही तेच. रूल ३ प्रमाणे नोटीस न देता हुकूम द्यायचा तर न्यायालयाने कारणं लिहायला हवीत, आणि ती लिहिणं ही नुसती औपचारिकता नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच शिवकुमार चढ्ढा प्रकरणात बजावलं आहे.

या प्रकारच्या आदेशाला वकील ‘अँटन पिलर’ म्हणतात. मूळ खटला इंग्लंडमधला. संगणकांना लागणारे फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीला संशय होता की तिचे तिथले एजंट गोपनीय माहिती प्रतिस्पर्ध्यांना पुरवत आहेत. तिथल्या अपील न्यायालयाचा निकाल १९७६ च्या लॉ रिपोर्टांत आला. त्यातल्या अटी आजही आपल्याकडे वकील वाचून दाखवतात : वादीची बाजू प्रथमदर्शनी अतिशय भक्कम हवी, नुकसान गंभीर हवं, आणि प्रतिवादीकडे ती सामग्री आहे व तो ती नष्ट करण्याची खरी शक्यता आहे याचा स्पष्ट पुरावा हवा.

तुमच्या बाबतीत ही तिसरी अट तपासून बघा. ज्याला पाच महिने आधी लेखी कळवलं की तुझ्याकडे आमची ड्रॉइंग्ज आहेत, त्याला अंधारात ठेवून आता काय साधायचं होतं? नष्ट करायचं असतं तर नोटीस मिळाली त्याच रात्री केलं असतं. उलट तुम्ही ‘येऊन बघा’ असं लिहून दिलंत. त्या उत्तराची प्रत आणि पोचपावती दोन्ही शोधून ठेवा. पोस्टाची असो, कुरिअरची असो, ई-मेल असो.

म्हणून पहिलं काम : वकीलपत्र दाखल करून दाव्याची, निशाणी ५ च्या (म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या) अर्जाची, प्रतिज्ञापत्राची, जोडलेल्या प्रत्येक कागदाची आणि रोजनाम्याची (न्यायालयाच्या तारीखवार नोंदींची) प्रमाणित नक्कल मिळवा. तीन आठवडे वाट बघू नका, नकलेचा अर्ज उद्याच पडू दे. खरं तर ही प्रत तुम्हाला मागावीच लागू नये. एकतर्फी मनाई मिळाल्यावर वादीने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाव्याची प्रत आणि कागद लगेच प्रतिवादीला द्यायचे किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचे, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न्यायालयात दाखल करायचं, असं रूल ३ चं परंतुक (नियमाला जोडलेली अट) सांगतं. ते दाखल झालं का, हे बघा. तुम्हाला कागद मिळालेले नसताना दाखल झालं असेल, तर मुद्दा आणखी गंभीर.

मग नोटीस आणि तुमचं उत्तर या दोन कागदांचा त्या गठ्ठ्यात शोध घ्या. तीन शक्यता आहेत. दोन्ही जोडलेले आहेत आणि तरीही न्यायाधीशांनी कारणं लिहून आदेश दिला, तर तुमची वाट चढणीची आहे. नोटीस दाखवली आणि उत्तर लपवलं, किंवा ‘प्रतिवादीने उत्तर दिलं नाही’ असं लिहिलं, तर ऑर्डर ३९ रूल ४ चं पहिलं परंतुक वकिलांना मोठ्याने वाचायला सांगा. महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून, नोटीस न देता मनाई मिळवली असेल तर न्यायालयाने ती रद्द करायचीच आहे. ठेवायची असेल तर ती का, याची कारणं लिहावी लागतात. एरवी मनाई उठवण्यासाठी प्रतिवादीला झगडावं लागतं, इथे ओझं फिरतं. आणि दोन्ही कागदांचा उल्लेखच नसेल, तर पाच महिन्यांची ही पूर्ण कहाणी न्यायालयापासून दूर ठेवली गेली असं म्हणायला तुम्ही मोकळे आहात. दिवाणी न्यायालयात स्वच्छ हातांनी यावं लागतं. महत्त्वाचा कागद दडवून निकाल घेणं ही न्यायालयाची फसवणूक आहे हे चेंगलवराय नायडू प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत सांगितलं आहे.

याच पाच महिन्यांचा आणखी एक उपयोग होतो. कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल तरच सूट. पाटील ऑटोमेशन प्रकरणात (२०२२) ही सक्ती पक्की झाली, आणि यामिनी मनोहर प्रकरणात (२०२३) न्यायालय म्हणालं की तातडीचा नुसता मुखवटा चढवून मध्यस्थी टाळता येणार नाही. नोटिशीनंतर पाच महिने स्वस्थ बसणाऱ्याला तातडी कसली, हे विचारता येईल. पण सगळा भर यावर देऊ नका. बरीच न्यायालयं वादीचा अर्ज वरकरणी खरा दिसला तर पुढे जातात. हा तुमचा दुसरा मुद्दा राहू दे.

आता झडती कशी झाली त्याकडे. आदेश समोर ठेवा आणि एकेक ओळ त्या दिवसाशी ताडून बघा. कोणती जागा लिहिली आहे? कोणती उपकरणं? सोबत कोणी यायचं? कॉपी कोणी करायची? पत्नीचा फोन आदेशात नसेल तर तो घेण्याचा अधिकार कोणाला नव्हता. कमिशनरचे अधिकार आदेशाच्या कागदावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. पोलिस शांतता राखायला असतात, दिवाणी आदेशाखाली स्वतः झडती घ्यायला नव्हे. आणि डिझाइन हेडचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. तांत्रिक मदतीला वादीचा माणूस सोबत असू शकतो, आदेशात तसं लिहिलेलं असतं. पण प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाने दोन तास तुमच्या ग्राहकांचे फोल्डर उघडून बघावेत आणि खासगी मोबाइलवर फोटो घ्यावेत, हे पुरावा जपणं नव्हे. इंग्लंडमध्येही असेच प्रकार झाले. १९९२ च्या युनिव्हर्सल थर्मोसेन्सर्स प्रकरणात, ज्यात वादी-प्रतिवादी तुमच्यासारखेच जुना मालक आणि सोडून गेलेले कर्मचारी होते, अशी झडती भल्या सकाळी घरात एकट्या असलेल्या बाईवर येऊन थडकली होती. तेव्हा न्यायाधीशांनी सुचवलं की अंमलबजावणीवर दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या अनुभवी वकिलाची देखरेख असावी, आणि घरात बाई एकटी असण्याची शक्यता असेल तर सोबत स्त्री असावी.

फोटोंबद्दल स्पष्ट मागणी करा : ते सगळे न्यायालयात जमा करावेत, त्यांची कुठलीही प्रत कंपनीकडे ठेवू नये, आणि डिझाइन हेडने तसं प्रतिज्ञापत्र द्यावं.

पंचनाम्यावर सही झाली म्हणून हबकू नका. सही म्हणजे कबुली नव्हे. पण गप्प बसलात तर ती कबुलीसारखी वाचली जाईल. कमिशनरचा अहवाल दाखल झाला की त्याची नक्कल घेऊन लेखी हरकत नोंदवा. ऑर्डर २६ रूल १० प्रमाणे अहवाल पुराव्याचा भाग होतो, आणि न्यायालयाच्या परवानगीने कमिशनरलाच साक्षीला बोलावून प्रश्न विचारता येतात. तुम्हाला, पत्नीला आणि फोरमनला त्या दिवसाचं जे आठवतं ते आत्ताच, वेगवेगळं, वेळेसह लिहून काढा आणि वकिलांकडे द्या.

डिस्कची कॉपी केली तेव्हा हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात लिहिली का, तेही बघा. हॅश म्हणजे त्या डिस्कचा अंगठ्याचा ठसाच. आत एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावी लागते. त्या रात्री ती लिहिलीच नसेल, तर आज सीलबंद असलेल्या कॉपीत नंतर काही मिसळलं गेलं नाही हे वादी कसं दाखवणार?

इथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. बहुतेकांना वाटतं, झडती बेकायदा ठरली की सापडलेलं सगळं आपोआप बाद. आपल्याकडे तसं नाही. पूरणमल प्रकरणात (१९७३) घटनापीठाने सांगितलं की पुरावा संबद्ध असेल तर केवळ झडती सदोष होती म्हणून तो वगळला जात नाही. म्हणून नुसतं ‘आदेश रद्द करा’ एवढं मागून थांबू नका. त्याच अर्जात, पर्यायी म्हणून, हेही मागा : जप्त केलेलं आणि कॉपी केलेलं सगळं न्यायालयाच्या ताब्यात सीलबंद राहावं, वादीच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने ते उघडू नये, तपासणी तटस्थ तज्ज्ञाने दोन्ही वकिलांसमोर करावी आणि फक्त वादातल्या भागांपुरती करावी, पत्नीच्या फोनची कॉपी आणि तुमच्या वकिलांशी झालेला पत्रव्यवहार आधी बाजूला काढावा. तुमच्या इतर ग्राहकांची ड्रॉइंग्ज त्या डिस्कवर आहेत. गुप्ततेचा करार करून ती त्यांनी तुमच्याकडे दिली असतील, तर ती जपणं हे तुमचं त्यांच्याप्रति कर्तव्य आहे, आणि न्यायालयाला हा मुद्दा चटकन पटतो. त्या ग्राहकांना काय आणि किती कळवायचं ते वकिलांना विचारून लवकर ठरवा. त्यांना ही बातमी तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडून कळू नये.

दोन्ही कॉम्प्युटर परत मागा. कॉपी झाल्यावर यंत्र अडकवून ठेवायची गरज नसते. जीएसटीची विवरणपत्रं (११ तारखेचं जीएसटीआर-१, २० तारखेचं ३बी), पगार, बँकेचे हप्ते हे सगळं त्यावर अडलं आहे, असं तारखांसह लिहा. अशी ठोस अडचण दिसली की न्यायालयं बहुधा मधला मार्ग काढतात.

मनाईचे शब्द फार मोघम आहेत : ‘वादीच्या रेखाचित्रांवर आधारित’. कोणती रेखाचित्रं? दाव्यात यादी नसेल तर यादी मागा, नाहीतर उद्या तुमचा प्रत्येक मोल्ड त्या शब्दांत बसवता येईल. टूलरूममध्ये काढलेल्या वर्षांत हातात आलेलं कसब तुमचं आहे. साच्यातला माल थंड होताना किती आकसेल (श्रिंकेज) ते किती धरायचं, माल आत येण्याची वाट (गेट) कुठे ठेवायची, हे कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही, आणि करार कायद्याचं कलम २७ धंदा करण्यावरचे निर्बंध एरवी रद्दबातल ठरवतं. त्यांची फाइल मात्र तुमची नाही. ड्रॉइंगवर कॉपीराइटचा दावा असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) आणि त्यावरचा क्रायोगॅस प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल वकिलांनी जरूर पाहावा. नोंदणी होऊ शकणाऱ्या पण न झालेल्या डिझाइनची वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढली गेली की त्यातला कॉपीराइट संपतो. यंत्राच्या भागाच्या ड्रॉइंगला हे लागू होतं का, यावर तिथे तपशिलात चर्चा आहे.

तुमच्या पत्रातली काही वाक्यं मी छापलेली नाहीत. मला लिहिलेलं पत्र म्हणजे वकील-अशिलातला संवाद नव्हे, त्याला कायद्याचं संरक्षण नाही. तुमच्या वकिलांना सांगितलेल्याला आहे. तेव्हा जे मला लिहिलंत ते शब्दशः त्यांना सांगा, काही न गाळता, आणि यापुढे दुसऱ्या कोणाला लिहू नका. कुठल्याही अशा प्रकरणात ज्याच्याकडे जुन्या कंपनीचं चुकून काही राहिलं असेल त्याने ते वापरू नये, पुसू नये, परस्पर परतही पाठवू नये. ते वकिलांच्या हाती द्यावं आणि न्यायालयासमोर कसं ठेवायचं ते त्यांना ठरवू द्यावं. वादीने सत्य लपवलं असं म्हणायला आपण उभे राहणार असू, तर आपल्याही प्रतिज्ञापत्रात एकही वाक्य वाकडं चालणार नाही.

हायकोर्टाचं विचारलंत. आधी त्याच न्यायालयात, ठाण्याच्या कोर्टनाक्यावर, रूल ४ चा अर्ज करा आणि तातडीच्या सुनावणीसाठी तारीख अलीकडे ओढून घ्या. नोटीस आणि उत्तर हे कागद त्या न्यायाधीशांपुढे आलेच नसतील तर हायकोर्ट पहिल्यांदा तेच विचारील. मनाईविरुद्ध ऑर्डर ४३ खाली अपील आहे, कमर्शियल कोर्ट कायद्याप्रमाणे ६० दिवसांत, मुंबई उच्च न्यायालयात. पण रूल ७ ची तपासणी किंवा कमिशनरची नेमणूक ऑर्डर ४३ च्या यादीत नाही. तेवढ्या भागासाठी घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली याचिकाच करावी लागते, आणि ती न्यायालयाच्या मर्जीवर. या गडबडीत कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) विसरू नका. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, फार तर परवानगीने १२० दिवस. त्यानंतर कमर्शियल दाव्यात हक्कच जातो.

नुकसानभरपाईची आशा बेताची ठेवा. मनाई अपुऱ्या कारणावर घेतली असं ठरलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंतच मिळतात, आणि त्या अर्जावर निर्णय झाला की त्याच मनाईच्या भरपाईसाठी वेगळा दावा लावता येत नाही. तो अर्ज घाईने करू नका.

आणि रूल ४ च्या अर्जावरचा युक्तिवाद संपला की त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनी दुसऱ्या दिवशी वर जाऊन स्थगिती मागेल. कॅव्हेट ९० दिवस चालते, तेवढ्या काळात तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. मुदत संपत आली तर नवी टाका.